सिपोरेक्स, मायवान, जिप्सम... अवघड भिंतीवर टीव्ही लावायचाय? आधी भिंत ओळखा

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा तिकडे खारघर, उलवे, पनवेलला नवीन टॉवरमध्ये राहायला आलेल्या जवळपास प्रत्येकाचा हा प्रश्न असतो. टीव्ही घेतला, डिलिव्हरी झाली, कंपनीचा माणूस आला, भिंतीत ड्रिल घातलं आणि भुसा पडावा तशी पांढरी पावडर पडायला लागली. मग तो म्हणतो मॅडम भिंत कच्ची आहे, टेबलावरच ठेवा. किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न बोलता लावून जातो. आमच्याकडे हॉलची भिंत सिपोरेक्सची (हलक्या, मऊ ब्लॉकची) आणि बेडरूमची एक भिंत पूर्ण काँक्रीटची, नेरूळला नणंदेच्या जुन्या घरात विटांची, त्यामुळे तिन्ही प्रकार जवळून बघून झालेत. नवीन घर घेणाऱ्यांनी निदान एवढं वाचून मग माणसाला बोलवावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. टीव्ही पडतो तो बहुतेक वेळा टीव्हीच्या वजनामुळे नाही, तर त्या भिंतीला न चालणारी गट्टी (स्क्रू घट्ट धरायला भोकात बसवतात तो तुकडा) वापरल्यामुळे. आजकाल टीव्ही हलके झालेत, ४३ इंची साधारण ७ ते १० किलो, ५५ इंची साधारण १४ ते १८ किलो. एवढं वजन कुठलीही भिंत पेलते, फक्त तिला पेलता येईल अशा पद्धतीने द्यायला हवं.

१. कागद आणि परवानग्या

हे पटकन उरकून टाका.

- टीव्हीचं बिल आणि मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये वजन आणि व्हेसा साईज असते, म्हणजे टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर, २०० बाय २००, ४०० बाय ३०० वगैरे, मिलिमीटरमध्ये
- बिल्डरने पझेशनच्या वेळी दिलेली फाईल. त्यात इलेक्ट्रिक लेआउट असेल तर सोनं आहे, त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा
- सोसायटीच्या ऑफिसात ड्रिलिंगची वेळ विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी दुपारी आणि रविवारी चालत नाही, आणि वॉचमन माणसाला गेटवरच थांबवतो
- भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लेखी घ्या. तोंडी 'हो हो लावा की' डिपॉझिट परत घेताना कामाला येत नाही

२. भिंत ओळखा (ही पायरी कोणीच करत नाही आणि हीच खरी आहे)

नुसतं ठोकून कळत नाही, कारण वरून सगळ्याच भिंतींना जिप्सम किंवा पुट्टी असते आणि आवाज फसवतो. टीव्हीच्या मागे लपेल अशा जागी ५ मिमीचा बिट लावून एक छोटं भोक पाडा, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवून, आणि काय पावडर येते ते बघा. खाली कागद धरा म्हणजे नीट दिसेल.

लाल किंवा विटकरी पावडर आली तर वीट. पहिला अर्धा-पाऊण इंच राखाडी येईल, ते प्लास्टर, त्याच्यावरून ठरवू नका.

राखाडी-पांढरी, हलकी, जाडसर पावडर आली आणि बिट काहीच जोर न लावता आत गेला तर सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक. हा हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक असतो, नखाने खरवडला तरी निघतो. नवीन टॉवरमधल्या आतल्या भिंती बऱ्याचदा याच्याच, आणि त्या फक्त १०० मिमी म्हणजे ४ इंच जाड असतात हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बिट जागचा हलत नाही, नुसता गरम होतो, बारीक पिठासारखी राखाडी पावडर, तर काँक्रीट. मायवान शटरिंगमध्ये (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून) बांधलेल्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात. सिपोरेक्सच्या घरातसुद्धा कॉलम आणि बीम काँक्रीटचेच असतात, त्यामुळे एकाच भिंतीवर डावीकडे काँक्रीट आणि उजवीकडे सिपोरेक्स लागू शकतं. शंका असेल तर दोन टोकांना वेगवेगळी भोकं पाडून बघा.

पांढरीशुभ्र पावडर आली आणि अर्ध्या इंचानंतर बिट एकदम पोकळीत गेला तर जिप्सम बोर्डचं पार्टिशन. इंटिरियरवाल्याने बेडरूमचे दोन भाग केले असतील किंवा हॉलला पॅनेलिंग केलं असेल तिथे हे सापडतं.

आणि अजून एक गोष्ट इथे बघायची ती म्हणजे ओल. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरते, पेंटला फुगे येतात. अशा भिंतीवर टीव्ही लावायचाच असेल तर आधी बाहेरून गळती बंद करून घ्या, नाहीतर सरळ आतली भिंत निवडा. ओल्या भिंतीत गट्टी सैल होते, स्क्रू गंजतात, आणि टीव्हीच्या मागे ओल कधी आली हे कळत पण नाही.

३. वायर आणि पाईप कुठून गेलेत ते बघा

स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली, आणि दोन बोर्डांच्या मधल्या आडव्या रेषेत ड्रिल करायचं नाही. पण ही फक्त सुरुवात, कारण घाईत काम केलेला इलेक्ट्रिशियन तिरका पाईप पण टाकून जातो. मायवानच्या भिंतीत तर पाईप काँक्रीट ओतायच्या आधीच सळयांना बांधलेले असतात, बाहेरून खाचेची खूणसुद्धा दिसत नाही. वायर आणि सळई दाखवणारा छोटा डिटेक्टर मिळतो, इलेक्ट्रिशियनकडे असेल तर तो आणायला सांगा.

भिंतीच्या पलीकडे काय आहे ते पण जाऊन बघा. पलीकडे बाथरूम असेल तर पाण्याचे सीपीव्हीसी पाईप त्याच भिंतीत असणार, आणि ४ इंची भिंतीत ४ इंच खोल भोक पाडलं तर शेजारच्या खोलीतली टाईल फुटून बाहेर येते. ड्रिलच्या बिटला हव्या त्या खोलीवर रंगीत टेप गुंडाळा, टेप भिंतीला टेकली की थांबायचं.

ड्रिल सुरू करायच्या आधी त्या खोलीचा एमसीबी बंद, दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन. याला अपवाद नाही.

४. उंची आणि जागा

लोक टीव्ही फार वर लावतात. ऑफिसात, हॉटेलात बघून सवय झालेली असते, पण घरात सोफ्यावर बसून बघायचं असतं, मग मान दुखते. सोफ्यावर बसा, जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, साधारण १०० ते ११० सेंमी येतं. स्क्रीनचा मध्य तिथे हवा. ५५ इंचीची उंची साधारण ७० सेंमी असते, म्हणजे खालची कड जमिनीपासून ६५ ते ७५ सेंमीवर येईल. बेडवर पडून बघणार असाल तर थोडं वर घ्या आणि पुढे झुकणारा म्हणजे टिल्ट ब्रॅकेट घ्या.

इथे एक सापळा आहे. टीव्हीच्या मागची चार भोकं नेहमी स्क्रीनच्या बरोब्बर मध्यावर नसतात, बऱ्याच टीव्हींना ती खालच्या बाजूला असतात. म्हणून टीव्ही गादीवर उपडा ठेवून (मऊ चादर टाकून, आणि फार वेळ नाही, स्क्रीनवर दाब नको) वरच्या कडेपासून वरच्या भोकांपर्यंतचं अंतर मोजा आणि त्या हिशोबाने भिंतीवर खूण करा. मग मास्किंग टेपने भिंतीवर टीव्हीचा पूर्ण चौकोन चिकटवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. घरातल्या सगळ्यांना बसून बघू द्या, आईबाबांना खास करून विचारा. टेप हलवायला पैसे पडत नाहीत.

५. ब्रॅकेट कुठला

अवघड भिंत असेल तर फिक्स किंवा टिल्ट, बस. पुढे ओढता येणारा, फिरणारा ब्रॅकेट दिसायला भारी वाटतो पण तो भिंतीला फार वाईट वागवतो. हिशोब साधा आहे. १५ किलोचा टीव्ही ५० सेंमी बाहेर ओढला आणि भिंतीवरच्या प्लेटच्या वरच्या-खालच्या बोल्टमध्ये २० सेंमी अंतर असेल, तर वरच्या बोल्टना बाहेर खेचणारा जोर साधारण ३७ किलोचा होतो, त्यात ब्रॅकेटच्या हाताचं स्वतःचं वजन वेगळं. मुलाने हात धरून ओढला तर अजून. फिक्स ब्रॅकेटमध्ये टीव्ही भिंतीला चिकटून असतो त्यामुळे जोर बहुतेक खालच्या दिशेने, आणि खालच्या दिशेचा जोर कमकुवत भिंतसुद्धा बऱ्यापैकी घेते. बाहेर खेचणारा जोर तिला झेपत नाही.

काँक्रीटची भिंत असेल तर खुशाल फिरणारा लावा. सिपोरेक्सवर लावायचाच असेल तर खाली प्लायची पद्धत सांगितलीय तीच करा.

६. भिंतीप्रमाणे गट्टी आणि ड्रिलिंग

*काँक्रीट / मायवान:* रोटरी हॅमर लागतो, म्हणजे एसडीएस बिटवाला. घरातल्या छोट्या ड्रिलने तासभर झगडू नका, बिट जळतो आणि भोक वाकडं होतं. ८ किंवा १० मिमीची चांगल्या कंपनीची नायलॉन गट्टी आणि मजबूत स्क्रू फिक्स ब्रॅकेटला पुरे, फिरणाऱ्याला अँकर फास्टनर (घट्ट करताना आत फुलणारा लोखंडी बोल्ट). बिटची साईज गट्टीच्या पाकिटावर लिहिलेली असते तीच घ्यायची, 'एक नंबर मोठा चालतो' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मध्येच बिट अडला, आवाज बदलला, लोखंडाचा चुरा दिसला तर सळई आलीय. तिथे जोर करून सळई कापायची नाही, भोक २-३ सेंमी सरकवायचं. ब्रॅकेटला लांब खाचा दिलेल्या असतात त्या याचसाठी. आणि वायर लपवायला अशा भिंतीत कटरने खाच मारायची अजिबात नाही, ती भिंत बिल्डिंगचं वजन घेते. वायर वरून केसिंग पट्टीतून न्या.

*वीट:* नौपाड्यातल्या, वाशी-नेरूळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये हीच. सोपी आहे, फक्त प्लास्टरची जाडी धरू नका. प्लास्टर २० मिमी आणि गट्टी ४० मिमी म्हणजे विटेत फक्त २० मिमी पकड. म्हणून ६० ते ८० मिमी लांबीची गट्टी घ्या. भोकातून लाल पावडर जाऊन मध्येच राखाडी भुसभुशीत माल यायला लागला तर दोन विटांचा सांधा आलाय, थोडं वरखाली करा.

*सिपोरेक्स:* आता मुख्य. हॅमर बंद, हे माणसाला आधी सांगा, परत सांगा आणि तो ड्रिल लावताना बाजूला उभ्या राहा. हॅमरवर टाकलं की भोक आतून फुटून मोठं होतं आणि मग कुठलीच गट्टी धरत नाही. बिट गट्टीपेक्षा एक मिमी बारीक घेतला तरी चालतो, ब्लॉक मऊ असल्याने गट्टी हातोडीने हलकेच आत बसते. लोखंडी अँकर फास्टनर, जो घट्ट करताना फुलतो, तो इथे बिलकुल नको. तो फुलताना ब्लॉकला आतून तडा देतो, त्या दिवशी घट्ट वाटतो आणि नंतर हळूहळू सैल होत जातो.

मग चालतं काय? तीन गोष्टी.

एक, एएसी ब्लॉकसाठीच बनवलेल्या नायलॉन गट्ट्या, बाहेरून पंखे किंवा पीळ असलेल्या. फिशर वगैरे कंपन्यांच्या मिळतात, दुकानात 'सिपोरेक्ससाठीची' असं स्पष्ट सांगा. ४३ इंचीपर्यंत फिक्स ब्रॅकेटला, सहा जागी लावल्या तर उत्तम चालतात.

दोन, केमिकल अँकर. सिलिकॉनच्या गनसारखी ट्यूब असते, भोकात रेझिन भरायचं आणि थ्रेडेड रॉड फिरवत फिरवत आत घालायचा. तो आतून फुगत नाही, ब्लॉकच्या बारीक छिद्रांत मुरून धरतो, म्हणून मऊ भिंतीला बरोबर. पण इथे सगळं काम सफाईवर आहे. भोकातली पावडर फुंकून काढा, गोल ब्रशने घासा, परत फुंका (चष्मा लावून, डोळ्यात जाते). पावडर राहिली तर रेझिन पावडरला चिकटतं, भिंतीला नाही. ट्यूबमधून आधी येणारं रेझिन एका रंगाचं होईपर्यंत कागदावर काढून फेकायचं. एक्सपायरी डेट बघायची. सुकायला किती वेळ ते ट्यूबवर लिहिलेलं असतं, तरी मी म्हणेन टीव्ही दुसऱ्या दिवशीच चढवा.

तीन, आणि ५५ इंची किंवा मोठ्या टीव्हीसाठी मला सगळ्यात पटलेली, म्हणजे प्लाय. १८ किंवा १९ मिमीचा चांगला वॉटरप्रूफ प्लाय, आयएसआयच्या शिक्क्यावर आयएस ७१० लिहिलेला, ब्रॅकेटपेक्षा सगळीकडून मोठा, समजा ९० बाय ६० सेंमी. ब्रॅकेटचे बोल्ट प्लायच्या मागून आधीच बसवून घ्यायचे, सुताराला 'टी-नट लाव' म्हटलं की कळतं. मग तो प्लाय ८-१० लांब नायलॉन फ्रेम फिक्सिंगने (स्क्रूसकट येणारी लांब गट्टी) भिंतीला मारायचा, सगळीकडे पसरून. ब्लॉक ६० बाय २० सेंमीचे असतात, म्हणजे वजन ब्लॉकच्या तीन-चार ओळींत वाटलं जातं, एकावर येत नाही. फिक्सिंगची लांबी ठरवताना प्लायची जाडी धरा पण भिंतीत ७० मिमीच्या वर जाऊ नका, ती ४ इंची भिंत आठवतेय ना. प्लायला भिंतीच्या रंगाचा लॅमिनेट लावला की टीव्हीच्या मागे पॅनेल केल्यासारखं दिसतं, मुद्दाम केलंय असंच वाटतं लोकांना.

*जिप्सम पार्टिशन:* नुसत्या बोर्डवर टीव्ही नाही. आतल्या पत्र्याच्या उभ्या चॅनेल शोधा, साधं लोहचुंबक भिंतीवर फिरवलं की स्क्रूच्या ओळी सापडतात. कमीत कमी दोन चॅनेलना धरून वरून प्लाय मारा, मग ब्रॅकेट. पार्टिशन अजून बनायचं असेल तर इंटिरियरवाल्याला आतूनच प्लाय टाकून द्यायला सांगा, बोर्ड बंद झाल्यावर तेच काम दुप्पट होतं. मोठा टीव्ही असेल तर खरंच टेबलावर ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

७. सामानाची यादी

टेप, पेन्सिल, स्पिरिट लेव्हल (फोनमधली लेव्हल कव्हरमुळे चुकते), मास्किंग टेप, ड्रिल आणि योग्य बिट, गट्ट्या-स्क्रू-वॉशर, पाना, हातोडी, ब्रश, चष्मा, मास्क. स्क्रू गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या, नवी मुंबईत खाडीच्या बाजूला राहत असाल तर स्टेनलेसच. ब्रॅकेटच्या पाकिटात आलेल्या गट्ट्या बाजूला ठेवून द्या, त्या विटेसाठी किंवा काँक्रीटसाठी असतात आणि बऱ्याचदा आखूड असतात. ठाणे स्टेशनजवळ जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा तुमच्या सेक्टरमधल्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात चौकशी करा. केमिकल अँकर छोट्या दुकानात नसतो, तो ऑनलाईन मागवा.

८. कंपनीचा माणूस येणार असेल तर

फोनवर बुकिंग करतानाच सांगा की भिंत सिपोरेक्सची आहे, त्याप्रमाणे सामान आणा. तो आला की आधी पाणी द्या आणि मग विचारा, दादा गट्टी कुठली आणलीत, दाखवा. त्याची चूक नसते, दिवसाला कितीतरी घरं करायची असतात आणि पिशवीत एकच प्रकारची गट्टी दिलेली असते. तुमच्या गट्ट्या त्याच्या हातात द्या, बहुतेक जण आनंदाने लावतात. नाहीच म्हणाला तर डेमो आणि वॉरंटीचं काम त्याच्याकडून करून घ्या आणि भिंतीचं काम चांगल्या सुताराकडून. भोक सैल झालं म्हणून त्यात काड्यापेटीच्या काड्या किंवा कागद कोंबायला लागला तर तिथेच थांबवा, नवीन जागी भोक घ्या.

९. टीव्ही चढवायच्या आधी वजन लावून बघा

ब्रॅकेट घट्ट झाला की त्याच्या कडेने भिंतीवर बारीक पेन्सिलची रेघ मारा. मग २० लिटरचा पाण्याचा भरलेला जार दोरीने ब्रॅकेटला टांगा (ब्रॅकेटवर लिहिलेली वजनाची मर्यादा बघून), खाली गादी ठेवा आणि दोन-तीन तास सोडून द्या. ५५ इंची टीव्हीपेक्षा हे जास्त वजन आहे. रेघेपासून ब्रॅकेट हलला, वरच्या बाजूला फट दिसली, पावडर गळली तर ते फिक्सिंग बाद. फिरणारा ब्रॅकेट असेल तर हात पूर्ण बाहेर काढून हीच टेस्ट करा.

१०. टीव्ही चढवणं

टीव्हीच्या मागे लागणारे स्क्रू बहुतेक एम६ किंवा एम८ असतात, साईज मॅन्युअलमध्ये बघा. स्क्रू जास्त लांब असेल तर आत जाऊन पॅनेलला दाबतो, त्यामुळे हाताने फिरवत जा आणि अडला की थांबा, जोर करू नका. मागची बाजू गोलाकार असेल तर पाकिटात प्लास्टिकचे स्पेसर येतात ते वापरा. एचडीएमआय आणि लॅनची वायर चढवायच्या आधी लावून घ्या, फिक्स ब्रॅकेटमध्ये नंतर हात जात नाही.

उचलायला दोन माणसं, कडेला धरून, स्क्रीनवर बोटं न दाबता. वरचे हुक बसल्याचा आवाज आला तरी खाली वाकून बघा दोन्ही बसलेत का, मग खालचे लॉक स्क्रू लावा. ते लॉक स्क्रू लोक विसरतात आणि मग सफाई करताना खालून धक्का लागून टीव्ही हुकातून निघतो.

खोकं आणि थर्माकोल वर्षभर तरी ठेवा, पॅनेल सर्व्हिसला न्यायची वेळ आली तर लागतं. भोकांच्या मापाचा आणि वापरलेल्या गट्टीच्या पाकिटाचा फोटो पण ठेवा. पावसाळा संपला की एकदा टॉर्च मारून मागे ओल आणि ती पेन्सिलची रेघ बघायची, आणि भाड्याचं घर सोडताना गट्ट्या ओढून काढायच्या नाहीत, सिपोरेक्सचा मोठा टवका निघतो, त्यांना आत ठोकून वरून पुट्टी भरायची.